यूलच्या विधीसाठी संगीत: सोलापूरच्या रानात काय वाजवावं?

मालदांडी | २८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज लिहून काढते आहे. थोडं लांबेल.

नोकरीनिमित्त पाच वर्षं इंग्लंडमध्ये होते. तिथे एका लहानशा पेगन, म्हणजे निसर्गाची आणि ऋतूंची पूजा करणाऱ्या मंडळात जायला लागले. आठ-दहा माणसं, वर्षाचे आठ सण: ऑक्टोबरअखेरीला साविन, डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी यूल, मग इम्बोल्क, ओस्टारा, बेल्टेन, लिथा, लूनासा, मेबन. ऋतू बदलतो त्या दिवशी थांबायचं, वर्तुळ आखायचं, चार दिशांना हाक द्यायची, मनातलं मागणं मांडायचं आणि शेवटी एकत्र खायचं. आजी गेली तेव्हा मी तिथे एकटी होते. त्या मंडळानेच मला सावरलं, म्हणून हे माझ्यासाठी वरवरचं नाही.

दोन वर्षांपूर्वी सोलापूरला परत आले. आता आम्ही चौघीजणी हे सण करतो. गाडं अडतं ते संगीतापाशी.

यंदाच्या साविनला, ३१ ऑक्टोबरला, माझ्या फ्लॅटच्या गच्चीवर बसलो होतो. फोनवर यादी तयार केली होती: उत्तर युरोपातले मोठे ढोल, खर्जातले पुरुषी आवाज, शिंगं. पश्चिमेला हाक देत होते आणि मध्येच जाहिरात लागली. ते एक सोडा. नंतर जोरदार ढोलांचा एक तुकडा होता. त्यात एका मैत्रिणीला गरगरायला लागलं, ती रडायला लागली. तुकडा आपल्या वेळेला संपला आणि पुढचं गाणं सुरू झालं. ती अजून तिथेच होती. तिला परत कसं आणायचं हे आमच्यातल्या कुणालाच कळेना. तिचा हात धरून बसले खरी, पण त्या रात्री झोप लागली नाही.

यूल २१ डिसेंबरला, रविवारी आहे. मंद्रूपच्या अलीकडे मामाचं शेत आहे, तिथे करायचं ठरतंय. शुक्रवारी १९ तारखेला वेळामवस्या, रानातल्या पिकाच्या पूजेचा दिवस, त्यामुळे कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी असेलच. मामा म्हणाला, दोन दिवस ठेवतो, वापरा.

आता विचार असा आहे की परदेशी ढोल सोडून संबळ लावावं. रेकॉर्डिंग चांगली मिळतात. संबळ सुरू झालं की माझ्या अंगावर काटा येतो, तेवढा दुसऱ्या कशाने येत नाही. हे बरोबर होईल का? शब्द इंग्रजीत असावेत की मराठीत? लय किती ठेवावी? जाणकारांनी मोकळेपणाने सांगा.

---

खर्ज | २८ नोव्हेंबर, रात्री १०:५५

संगीत शिकवतो, पेगन विधी कधी पाहिलेला नाही. आवाजापुरतं बोलतो.

उघड्या रानात छोटा स्पीकर नेऊ नका. गच्चीवर निदान कठड्यावरून आवाज परत येतो, रानात भिंतच नाही. खालचे सूर त्या डबीतून मुळात निघत नाहीत, उरलेलं पातळ होऊन विरून जातं. तुमचे ते शंभर ढोल चौघींमध्ये ठेवलेल्या डब्यात कुणी काड्या हलवाव्यात तसे वाजतील. त्याऐवजी एक खरी हलगी किंवा पितळी परात, आणि चार गळे.

गळ्याचं म्हणाल तर आधी सूर ठरवा. चौघी बायका आहात, पेटीच्या काळी चार-पाचच्या आसपास सगळ्यांना जमावं. तानपुरा असेल तर उत्तम, मोबाईलमधला तानपुराही चालेल. ही एकच रेकॉर्डिंग मला मान्य आहे, कारण ती तुम्हाला ओढून नेत नाही, खाली सतरंजीसारखी अंथरलेली असते. तोंड मिटून नुसता षड्ज धरा. गाता न येणारीलाही ते येतं.

वेळ कोणती? सूर्यास्त असेल तर पुढे बोलू.

---

धुकं | २९ नोव्हेंबर, पहाटे २:१०

मालदांडी, मी ब्रिस्टलजवळ राहते, वीस वर्षं या वाटेवर आहे. तुमच्या मैत्रिणीचं वाचून वाईट वाटलं. त्याबद्दलच आधी लिहिते.

मायकेल हार्नर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या आपल्या पुस्तकात समाधीप्रवासासाठी मिनिटाला साधारण २०५ ते २२० ठोक्यांची एकसुरी लय सांगितली. आज इंटरनेटवर मिळणारे 'शामानी ढोल' बहुतेक त्याच मापाचे असतात. पण त्याच्या पद्धतीत ढोल वाजवणारा माणूस समोर बसलेला असतो, आणि परत बोलावण्यासाठी ठरलेले वेगळे ठोके असतात. ते ऐकले की माघारी फिरायचं, हे आधीच सांगून ठेवलेलं असतं. यादीत टाकलेल्या तुकड्याला तुमची मैत्रीण दिसत नाही. जो वाजवतो त्याचे डोळे बसलेल्यांच्या चेहऱ्यावर हवेत, हा आमच्याकडचा पहिला नियम.

शिवाय हार्नरची पद्धत वेगळी, विक्का या आधुनिक पेगन पंथाची वेगळी. विक्काला १९५० च्या दशकात जेराल्ड गार्डनरने लोकांसमोर आणलं. ब्रिटनमधला जुना चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्याचं पुस्तक १९५४ मध्ये आलं. त्याची सहकारी डोरीन व्हॅलिएंट कवयित्री होती. विधींतले पुष्कळ शब्द तिने नव्याने घडवले, कारण तोंडात बसणारा, पायाला ताल देणारा शब्द लागतो हे तिला ठाऊक होतं. तिथे संगीताचं काम समाधी लावण्याचं नसतं. वर्तुळात नाचत, एक-दोन ओळी पुन्हा पुन्हा म्हणत शक्ती उभी करायची, शिगेला पोचली की सोडायची, मग जमिनीला हात टेकून शांत व्हायचं. चढ, सोडणं, उतरणं. प्रत्येकाला वेगळा आवाज लागतो. तुम्ही तिन्हींना एकच आवाज दिलात, असं मला वाटतं.

ग्रहांच्या दृष्टीनेही बघा. यूल यंदा रविवारी येतंय. वारांची नावं तिकडे आणि आपल्याकडे त्याच सात ग्रहांवर आहेत, सूर्याचा दिवस दोन्हीकडे तोच. १९१० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये अलिस्टर क्रॉलीने सात ग्रहांचे सात विधी जाहीरपणे केले, तेव्हा लीला वॅडेल ही व्हायोलिनवादक प्रत्यक्ष वाजवत होती. ग्रहविधी करणारे बरेचजण आज होल्स्टची ग्रहांवरची वाद्यवृंदरचना लावतात. ती १९१४ ते १९१७ मधली. तिचेही सात भाग आहेत, पण त्यात सूर्य आणि चंद्र नाहीत, युरेनस आणि नेपच्यून आहेत! सूर्याच्या पूजेला ती यादी लावली तर ज्याची पूजा तोच गैरहजर. आकडा जुळला म्हणजे अर्थ जुळला असं होत नाही.

---

सरळरेषा | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. तुमच्या श्रद्धेवर टीका करायला आलेलो नाही, दोन गोष्टी काळजीपोटी सांगतो.

एक: 'जादू', 'चेटूक' हे शब्द गावात जपून वापरा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कुणाला फसवणं, घाबरवणं, इजा करणं, उपचारापासून रोखणं अशा गोष्टींसाठी आहे. चौघीजणी गाणी म्हणून भाकरी खातात यावर त्याचा रोख नाही. पण रात्री रानात बायका वर्तुळात फिरताहेत आणि हलगी वाजतेय, हे लांबून बघणाऱ्याला काय वाटेल? चेटकीण ठरवून बायकांना मारहाण झालेल्या या देशात मला ही भीती खरी वाटते. मामांना शेजारच्या रानात आधी सांगून ठेवायला सांगा.

दोन: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाद्य वाजवायला बंदी आहे. फक्त स्पीकरला नाही, हलगीलासुद्धा.

आणि ज्या मैत्रिणीला त्रास झाला तिला यापुढे 'तुला यायचंय का' असं एकटीत विचारा. सगळ्यांसमोर नाही म्हणणं कठीण असतं.

---

दिवटी | २९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

ताई, मी गोंधळ्याच्या घरातला. वडील कदमराई, तुळजापूरच्या आईचे. आता मी बँकेत आहे, पण नवरात्रात आणि लग्नसराईत अजून कमरेला संबळ बांधतो.

अंगावर काटा येतो म्हणालात, बरं वाटलं. तो यायलाच पाहिजे. पण का येतो, ते बघा.

संबळ हे दोन तोंडांचं वाद्य. एक बारीक, एक ढाल्या आवाजाचं. चौक मांडायचा, त्यावर घट बसवायचा, दिवटी पेटवायची, संबळाला हळदकुंकू लावायचं. मग एकेकाला नाव घेऊन बोलवायचं. तुळजापूरची भवानी गोंधळाला ये. कोल्हापूरची लक्ष्मी ये. माहूरची रेणुका ये. जेजुरीचा खंडेराव, पंढरीचा विठोबा. सगळ्या ठिकाणचे देव येऊन बसेपर्यंत कथा सुरू होत नाही. ती हाक संबळाच्या बोलात मुरलेली आहे. तुम्ही शब्द काढून नुसतं वाजवलंत तरी ऐकणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या अंगात येतं, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता सांगा, तुम्ही तुमच्या सूर्याला बोलावणार आणि वाजवणार आईचं बोलावणं. आई आली तर तिला बसायला पाट मांडलाय का? आरती करून निरोप देणार का? का सात मिनिटांनी रेकॉर्डिंग बंद?

मनाई करत नाही. आई काही आमच्या एकट्या घराची नाही. तिला बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा, मी स्वतः येऊन वाजवीन, एक पैसा घेणार नाही. पण तिला न बोलावता तिच्या वाद्याचा जोर तेवढा घ्यायचा, हे मला बघवणार नाही. वडिलांनी ऐन पावसात संबळ पोटाशी धरून आणलेलं आहे, स्वतः भिजून.

---

मालदांडी | २९ नोव्हेंबर, रात्री ११:५०

दिवटीदादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. संबळ लावणार नाही. तुम्ही रागावला नाहीत, बसून समजावलंत, याचं मोल मला कळतं.

खरं सांगायचं तर मी 'कशाने काटा येतो' एवढंच बघत होते. कुणाला हाक जाते हे बघितलंच नाही. इंग्लंडमध्ये ऐकलेले ते नॉर्स ढोल तरी मी त्यांच्या देवांना उद्देशून थोडेच लावत होते? मला तो अंधार आवडायचा, बस.

धुकंताई, परत बोलावण्याच्या ठोक्यांबद्दल कधीच कुणी सांगितलं नव्हतं. सरळरेषा, मैत्रिणीशी उद्याच एकटीत बोलते.

---

धुकं | ३० नोव्हेंबर, पहाटे १:३५

दिवटी यांनी जे लिहिलं त्याला विद्वानांचाही आधार आहे. जिल्बेर रूजे या फ्रेंच अभ्यासकाने संगीत आणि समाधी यांवर १९८० मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की कोणत्याही ढोलात माणसाला आपोआप समाधीत ढकलण्याची यांत्रिक ताकद नसते. ऐकणाऱ्याच्या समाजात त्या आवाजाला जो अर्थ असतो, त्यातून ते घडतं. त्या म्हाताऱ्या बाईंच्या अंगात येतं कारण त्यांना ती हाक कळते. माझ्या शेजारणीला संबळ ऐकवलं तर ती मान डोलावेल आणि चहा ओतेल.

अंधाराबद्दल एक. यूलला माझ्याकडे दिवस आठ तासांहूनही कमी असतो. दुपारी चारला दिवे लागतात. सूर्य परत येईल ना, ही भीती इथे हाडात असते आणि ती या संगीतात उतरते. सोलापूरला त्या दिवशी किती उजेड असतो?

---

खर्ज | ३० नोव्हेंबर, सकाळी ७:२०

अकरा तास. सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो, सकाळी सातच्या आत उगवतो. आणि ऊन असं, की रानात हुरडा खायला बसलं तर टोपी लागते.

म्हणजे तिकडचा कुट्ट काळोख इकडे मागवून उपयोग नाही. आपल्याकडची संध्याकाळ वेगळी असते. सूर्यास्ताच्या वेळेसाठी मारवा बघा. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जावर मुक्काम कमी. गाणारा घराकडे निघालाय आणि उंबरठ्यावर पाय ठेवत नाही, असं वाटत राहतं. सूर्य जाताना हेच हवं. पहाटेपर्यंत जागणार असाल तर शेवट भैरवात करा, तिथे घर सापडतं. राग गाता यायला हवा असं नाही. कुणी जाणतं बासरीवर नुसते सूर धरेल तरी पुरे.

---

बाळीवेस | ३० नोव्हेंबर, दुपारी १:०५

लई चांगला धागा हाय की. आमचं घर बाळीवेशीत, चार पिढ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत. मला तुमचं पेगन काय कळत नाही, हलगीचं कळतं.

सात नंदीध्वज निघतात तेव्हा हलगी पायात असते. ती उंच काठी एकटा माणूस कमरेला पट्टा बांधून उभी पेलतो. हलगी बिघडली की पाऊल बिघडतं. पण पोरी, तुला खरं सांगायचंय ते वेगळंच. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर ये कधीतरी. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. तोवर काय आवाज असतो, कान फुटतात. "बोला बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चाललेलं असतं. आणि लग्नाची संमती वाचायला घेतली की एवढी माणसं गप्प. पांढऱ्या बाराबंदीचा नुसता समुद्र. मग "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" झालं की अक्षता पडतात. तांदळाचा आवाज ऐकू येतो, तांदळाचा! माझ्या वडलांनी मला खांद्यावर घेऊन तो आवाज ऐकवला होता.

तुझ्या यादीत गप्प बसायची जागा कुठाय? मला तर दिसली नाही.

हलगी घ्यायची तर दोन गोष्टी. डिसेंबरात रात्री दव पडतं, कातडं ढिलं होतं. कडब्याच्या पेंडीचा जाळ करून शेकून घ्या, लांबूनच, नायतर तडकंल. आणि वाजवायला कुणाला बोलावलं तर मान देऊन बोलवा, आधी जेवू घाला, हातात पैसे द्या. हलगीवाल्यांना गावानं पिढ्यान्पिढ्या हुकूम सोडून बोलावलंय. विधी म्हणता ना, मग ते नको.

---

उखळमुसळ | ३० नोव्हेंबर, रात्री ८:४५

बाळांनो, मी एकाहत्तर वर्षांची. माहेर अक्कलकोट तालुक्यात, सासर सोलापूर. लेकीने हा धागा वाचून दाखवला, तीच टाइप करते आहे.

एवढे ढोलताशे कशाला शोधता? गोल फिरायचं आणि म्हणायचं, एवढंच ना? आम्ही पहाटे चारला जात्यावर बसायचो. समोरासमोर दोघी, एक खुंटा, दोघींचे हात. पाळू फिरते तशी ओवी फिरते. पहिली माझी ओवी देवाला, दुसरी आईबापाला, तिसरी भावाला. कुणाला ताल शिकवावा लागत नाही, दगडच ताल देतो. दम लागला की ओवी हळू होते, घास टाकताना थांबते. माझी सासू कधी माझ्याशी धड बोलली नाही, पण जात्यावर माझ्या माहेराचं नाव घालून ओवी म्हणायची. ते मी अजून विसरले नाही.

मंद्रूपला मामाच्या घरी जातं असणारच. वेळामवस्येला रानात "ओलगे ओलगे सालम पोलगे" करता की नाही? गावागावात शब्द थोडे बदलतात. आंबिलीचं पाणी शिंपडत पिकाभोवती फेरी. ते काय आहे मग? तुमचं वर्तुळच की ते.

सूर्यासाठी ओवी हवी असेल तर आजच सुचली, घे:

सरली लांब रात, पूर्वंला फुटलं तांबडं
सुर्व्यानारायण बाळ, अंगी पिवळं आंगडं

---

मालदांडी | ३० नोव्हेंबर, रात्री ९:३०

काकू, मी खरोखर रडले. यूलला सूर्य बाळ म्हणून जन्मतो असंच मानतात, हे मी धाग्यात कुठेही लिहिलं नव्हतं.

आजीचं जातं आहे. पडवीत उलटं ठेवलंय, त्यावर तुळशीची कुंडी.

---

उखळमुसळ | ३० नोव्हेंबर, रात्री ९:४४

कुंडी उचल. जातं धुऊन आधी मूठभर मीठ किंवा तांदूळ दळून काढ आणि ते फेकून दे. पहिल्या पिठात खर येते.

---

सरळरेषा | १ डिसेंबर, सकाळी ९:०२

जात्याची घरघर शेजारच्या रानात गेली तरी कुणी घाबरणार नाही. मला हे फार आवडलं.

---

धुकं | १ डिसेंबर, दुपारी ३:२०

शब्दांबद्दल तुमचा प्रश्न राहिला होता. मराठीतच म्हणा. इंग्रजी मंत्रांत जोराचे आघात असतात, पाय आपटायला ते बरे. ओवीत तसे नाहीत, तिथे ओढ असते. म्हणून नाचाऐवजी दळण ठेवलंत तर चढ आपोआप हळू होईल. तुमच्या मैत्रिणीसाठीही ते सुरक्षित आहे, खुंटा सोडला की झालं. दिशांची हाक कशी करणार?

---

मालदांडी | ६ डिसेंबर, रात्री १०:१०

हो-नाही करत एवढं ठरलंय. सूर्यास्ताला मोबाईलचा तानपुरा, तोंड मिटून षड्ज. खर्ज सर, मारव्याचे सूर आमच्यातली एकजण बासरीवर घेणार आहे, तिचा सराव चालू आहे. दिशांना शब्द नाहीत, फक्त आवाज: पूर्वेला फुंकर, दक्षिणेला कडब्याच्या जाळाचा तडतडाट, पश्चिमेला कळशीतलं पाणी ओतायचं, उत्तरेला जमिनीवर हात आपटायचा. वारा, अग्नी, पाणी, माती. मग जातं. हलगी फक्त एकदा, बाळीवेस काका, शेवटी सोडताना, आणि तीही दहाच्या फार आधी. संक्रमणाचा क्षण, सूर्य उत्तरेकडे वळतो तो, आपल्या वेळेनुसार रात्री ८:३३ ला आहे. तेव्हा गप्प.

मैत्रीण येते म्हणाली. तिने स्वतःच विचारलं, "या वेळी वाजवणारं कोण आहे?" मी म्हटलं, आपणच.

---

दिवटी | ६ डिसेंबर, रात्री १०:४१

छान. खुंट्याला हळदकुंकू लावा.

---

मालदांडी | २२ डिसेंबर २०२५, रात्री ८:५०

काल झालं. तुमच्यापैकी प्रत्येकाला सांगायचंय, म्हणून सगळं लिहिते.

मारवा जमला नाही. थंडीने बासरीवाल्या मैत्रिणीची बोटं आखडली, कोमल रिषभ लागेना. दोन-चारदा घसरल्यावर तिने बासरी खाली ठेवली आणि आमच्याबरोबर षड्ज धरला. सूर्य तोवर गेला होता. खर्ज सर, तुम्ही सांगितलेलं ते 'उंबरठ्यावर पाय न ठेवणं' मी कल्पनेतच ऐकलं. पुढच्या वर्षी पुन्हा.

दिशांचे आवाज मात्र चौघींनाही भिडले. पाणी ओतायचा आवाज उघड्या रानात एवढा मोठा येतो, हे माहीतच नव्हतं.

मग कोपीच्या तोंडाशी घोंगडं टाकून जातं मांडलं. दोन ओंजळी ज्वारी घेतली होती, जास्त नाही. मी आणि ती साविनला त्रास झालेली मैत्रीण समोरासमोर बसलो. पहिल्या पाच मिनिटांत खांदा भरून आला. ओवी म्हणायला लाज वाटत होती, तिने आधी सुरू केली. काकूंची ओवी पाच-सहा वेळा झाली, मग आपोआप आमच्या ओळी येऊ लागल्या. मी आजीच्या नावाने एक म्हटली. ती इथे लिहीत नाही. बाकीच्या दोघी भोवती फिरत होत्या, त्यांची पावलं कधी दगडाच्या तालात पडायला लागली ते कळलं नाही.

लय वाढली, मी वाढवली नाही. आणि मग जातं एकदम हलकं झालं, नुसता दगडावर दगड. ज्वारी संपली होती. दोघींनीही एकाच वेळी हात काढला. साविनला मला पडलेला प्रश्न होता ना, संगीत कुठे थांबवायचं? ते दोन ओंजळींनी आधीच ठरवून टाकलं होतं.

मामाच्या गड्याने हलगी वाजवली. त्याला आधी जेवायला वाढलं होतं. त्याने शेकून, ठोकून, अगदी थोडं वाजवलं, पण असं, की लांबची कुत्री गप्प झाली. मग आम्ही ८:३३ पर्यंत बसलो. ज्वारीच्या पानांवरून वारा येतो त्याचा आवाज, आणि विजापूर रस्त्यावरचे ट्रक. बाळीवेस काका, तांदळाच्या आवाजाचं तुम्ही लिहिलं होतं, ते सारखं मनात येत होतं.

विक्कात शेवटी केक आणि दारू किंवा रस वाटतात, पाय जमिनीवर यावेत म्हणून. आम्ही त्याच पिठाची भाकरी थापली. खर लागली दाताला, काकू, तुम्ही सांगितलं तसं आधी तांदूळ दळून काढले होते तरी. ताक, भाकरी, ठेचा. मैत्रिणीने तीन भाकरी खाल्ल्या. तिच्याकडे बघत मी बराच वेळ बसले होते.

---

धुकं | २२ डिसेंबर, रात्री ११:३०

इकडे आज दिवसभर पाऊस. तुमचं वाचून चुलीचा वास आला. १ फेब्रुवारीच्या इम्बोल्कला काय करणार आहात?

---

उखळमुसळ | २३ डिसेंबर, सकाळी ६:१५

खर लागली म्हणजे जात्याला टाकी लावायला, दगडाला नव्याने खाचा पाडायला झाली आहे. किती वर्षं कुंडीखाली होतं ते!

---

मालदांडी | २३ डिसेंबर, सकाळी ७:०५

सोळा वर्षं, काकू. सोलापुरात टाकी लावून देणारं अजून कुणी आहे का?

---

बाळीवेस | २३ डिसेंबर, सकाळी ७:४०

हाय की. गड्ड्यावर पाटे-वरवंटे विकायला बसतात, त्यांना विचार. जातं गाडीत घालून आण, मी येतो बरोबर. अक्षतेच्या आदल्या दिवशी ये, म्हणजे दोन्ही होईल.